कानामागचा फाया

"बाय माझ्या, न सांगता कळणारा फकत पोटातल्या पोराचा. भायर इलेल्या माणसाक तोंडान सांगूक लागता."

गावातल्या बाळंतिणींना न्हाऊमाखू घालणारी सुलूकाकी हे म्हणाली तेव्हा मैथिलीला सातवा महिना लागला होता. सुजलेले पाय काकीच्या मांडीवर, काकीचे तेलकट अंगठे पोटरीवर, आणि खिडकीतून नव्या पेंढ्याचा गोडसर वास. मैथिली खुदकन हसली.

"काकी, आमच्याकडे डबी आहे. निनादला तिकडे बसल्या बसल्या सगळं कळतं."

"कळूंदे," काकी म्हणाली आणि दुसरा पाय ओढून घेतला.

वेंगुर्ल्याच्या बंदरापासून चाळीस किलोमीटर आत, समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. स्वच्छ हवेच्या दिवशी गच्चीवरून त्या दिसत. क्षितिजावर कुणीतरी पांढऱ्या दोऱ्याने टाके घातल्यासारख्या. निनाद परुळेकर, म्हणजे मैथिलीचा नवरा, तिथे दोराला लटकून पात्यांना पडलेल्या भेगा बुजवायचा. चार आठवडे समुद्रात, दोन घरी. तिथे स्वतःचा फोन जवळ ठेवायला बंदी. संध्याकाळी एका सामायिक पडद्यासमोर दहा मिनिटं मिळत, तीही मागे सहा जण रांगेत उभे असताना. बायकोशी बोलण्यासारखं त्यात काय बोलणार?

म्हणून डबी. कंपनीने तिचं नाव 'दरवळ' ठेवलं होतं, पण गावात कुणी त्या नावाने तिला ओळखत नसे. शिंपल्याएवढी, शिंपल्यासारखीच उघडणारी. अत्तराचा फाया कानात ठेवतात तसा कापसाचा एक फाया दिवसभर कानामागे ठेवायचा आणि दिवेलागणीला डबीत टाकून झाकण लावायचं. पाच मिनिटांनी चाळीस किलोमीटरवरची दुसरी डबी उघडली की त्यातून तुमचा वास येई. साबणाचा, पावडरीचा नव्हे. तुमचा, त्या दिवसाचा.

शास्त्र तसं जुनं होतं. माणसाच्या घामातून शेकडो रसायनं हवेत उडत असतात आणि मनाबरोबर त्यांचं प्रमाण बदलतं. भ्यालेल्या माणसाचा घाम वेगळा, निवांत माणसाचा वेगळा. आपल्या नाकाला तो फरक कळतो, फक्त कळलाय हे आपल्याला कळत नाही. कारण नसताना कुणाशेजारी बसून जीव घाबरा होतो, तो यामुळेच. डबी बनवणाऱ्यांनी नाकातल्या पेशींवर जी प्रथिनं असतात ती प्रयोगशाळेत वाढवली आणि काचेच्या पट्टीवर रांगोळीच्या ठिपक्यांसारखी मांडली. कुठल्या ठिपक्याला काय चिकटलं याचा आकडा निघे, तो समुद्रापार जाई, आणि तिथल्या डबीतल्या साठ बारीक नळ्या थेंबभर थेंबभर मिसळून तोच वास पुन्हा घडवत. ज्यांचं नाक मंद त्यांच्यासाठी झाकणाच्या कडेला रंग उमटे. मन शांत असेल तर शेवाळी, अस्वस्थ असेल तर केशरी.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दोघांचा एक खेळ होता. रोज एक गोष्ट सांगायची, आजवर कुणालाही न सांगितलेली. निनादने सांगितलं होतं की उंचीची त्याला लहानपणी इतकी भीती वाटायची की माळ्यावर चढलेला तो एकदा दुपारभर तिथेच बसून राहिला होता. मैथिलीने सांगितलं होतं की बारावीला तिने एक पेपर मुद्दाम वाईट लिहिला, धाकट्या बहिणीला आपल्यापेक्षा जास्त मार्क पडावेत म्हणून, आणि मग बहिणीला खरंच जास्त पडले तेव्हा ती रडली. अशा गोष्टी सांगताना आधी घसा कोरडा पडायचा. सांगून झाल्यावर पोहून आल्यासारखं हलकं वाटायचं.

डबी आली आणि खेळ आपोआप थांबला. सांगायची गरजच उरली नाही. ती गरोदर असतानाच्या त्या संध्याकाळी! मैथिली डोळे मिटून झाकण उघडायची आणि खोलीत समुद्र शिरायचा. मीठ, तापलेलं लोखंड, दोराचा काथ्या, आणि त्याखाली, अगदी तळाशी, निनादची ऊब. एकदा तो वास इतका उसळता होता की ती नुसती हसत सुटली. नंतर कळलं की त्या दिवशी चक्क्यांच्या मधून डॉल्फिनांचा कळप गेला होता. शब्दावाचून माणूस असं आत येऊन बसतं, हे सुख तिला फार मोठं वाटलं. बोलणाऱ्या जोडप्यांची तिला थोडी कीवच यायची.

माघात मुलगी झाली. तिकडे माणसं कमी पडली म्हणून निनादची घरी यायची पाळी हुकली होती. नाव ठेवलं इरावती, हाक मारायची ठमी. आई दीड महिना राहून सावंतवाडीला परतली. सुलूकाकी मात्र रोज सकाळी येतच होती. ठमीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, मग मैथिलीला तेल, कढत पाणी, आणि मग धुरी. खोलीची दारं-खिडक्या लावून शेगडीत निखारे, त्यावर ओवा, लसणीची सालं, वावडिंग. ठमीला मिनिटभर वरून फिरवून न्यायची, आणि मैथिली बाजेवर अर्धा तास. धूर सावकाश वर चढायचा, उन्हाच्या तिरिपेत निळा व्हायचा, फळीवरच्या डबीला वळसा घालायचा. मैथिलीला वाटायचं, आपण पाण्याखाली आहोत आणि वर कुठेतरी लांबून होडी चालली आहे.

त्या पाण्याखालच्या दिवसांत तिला पहिल्यांदा ते चित्र दिसलं.

काकी ठमीला पायांवर घेऊन बसली होती आणि मैथिली तांब्याने पाणी घालत होती. एकाएकी तिला दिसलं की तांब्यात विसण न घातलेलं, उकळतं पाणी आहे आणि आपण ते ओततोय. क्षणभरच. तांब्यात कोमट पाणी होतं. ठमी जांभई देत होती. पण मैथिलीने तांब्या खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीचा कठडा दिसला. तिसऱ्या दिवशी विळी. तिने विळी कपाटाखाली सरकवली. ठमी झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास मोजायला लागली. आपण तिला काही करणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही चित्र येतच होतं.

हे कुणाला सांगणार? आईला सांगितलं तर आई ठमीला घेऊन जाईल. काकीला सांगितलं तर गावभर होईल. पण निनादला सांगायला नको होतं. निनादला डबी सांगणार होती.

त्या संध्याकाळी तिने कानामागचा फाया डबीत टाकला. कबुलीजबाब लिहून पाकिटात घालावा तसं तिने झाकण लावलं. आता त्याला कळेल. उद्या पडद्यावर तो विचारेल, आणि मी सगळं सांगेन.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर निनाद आला. मागे रांग, कुणीतरी शीळ घालत होतं.

"ठमी कशी आहे?"

"मजेत."

"आणि तू?"

"तुला कळतंच की," ती हळूच म्हणाली.

"हो, कळतं ना." तो हसला. हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "रोज कळतं."

एवढंच. मागचा माणूस म्हणाला, "परुळेकर, आटप रे, माझी सासू लाइनीत आहे," आणि पडदा काळा झाला.

 त्याला कळलं होतं आणि त्याने विचारलं नव्हतं. पुढचे दिवस तेच झालं. ती रोज आपलं भय कानामागे साठवायची, रोज पाठवायची, आणि त्याच्याकडून रोज उदास वास यायचा. मीठ होतं, लोखंड होतं, पण तळाची ऊब ओसरत चालली होती, ओहोटीच्या पाण्यासारखी. ती स्वतःशी अर्थ लावायची. किळस नाही, राग नाही, दुःख आहे. आपल्या वाट्याला अशी बायको आली याचं दुःख.

मग एका संध्याकाळी तो पडद्यावर म्हणाला, "मैथिली, मी पुढची पाळीपण इथेच करतोय. दोन आठवडे घरी येणार होतो ते... राहू दे. माणसंही कमी आहेत."

"बरं."

"तुझं कसं आहे ते डबीवरून कळतंय मला. म्हणून तर ठरवलं."

"म्हणून ठरवलंस?"

"हो. तुलाही तेच बरं पडेल ना?"

तिने मान हलवली. पडदा मिटल्यावर तिने ठमीला उचललं, छातीशी धरलं आणि मग, हात चुकतील या भीतीने, लगेच खाली ठेवलं. माझं हे सगळं कळून तो यायचं टाळतोय, म्हणजे आता माझं कुणी नाही, असं तिच्या मनाने घेतलं.

चार दिवसांनी डबीच्या नळ्या भरायला कंपनीची मुलगी आली. नाझिया तिचं नाव. कुडाळहून स्कूटरवर यायची, पाठीला दप्तर, डोक्यावर उन्हाची टोपी. तिने डबी उघडली, भिंगातून पट्टी बघितली आणि नाक आक्रसलं.

"ताई, या खोलीत धुरी देता?"

"रोज. बाळंतिणीला देतातच."

"ओव्याची?"

"ओवा, लसूण... का गं?"

नाझियाने पट्टी उजेडात धरली. रांगोळीचे ठिपके दिसतच नव्हते. त्यांच्यावर पिवळट, तकतकीत साय धरली होती. "ओव्यात थायमॉल असतं ना—"

"माहितेय मला," मैथिली म्हणाली. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला तिने स्वतः ओव्यातून थायमॉल काढलं होतं, परीक्षानळीत त्याचे स्फटिक पाहिले होते.

"ते या प्रथिनांना असं घट्ट बसतं की दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. फायासुद्धा त्यातच भिजलेला. म्हणजे गेले दोन महिने या डबीला तुमचा वास लागलेलाच नाही."

"मग ती पाठवत काय होती?"

"तीच तर आमच्याकडची गंमत आहे." नाझियाच्या आवाजात गंमत नव्हती. "तिला काही सापडलं नाही की 'काही नाही' असं ती सांगत नाही. 'शांत' म्हणून सांगते. डबी बसवली त्या दिवशीचा तुमचा मूळ वास तिच्यात साठवलेला असतो, तोच पाठवत राहते. भाऊजींकडे रोज शेवाळी रंग उमटला असेल. मी पट्टी बदलू?"

डबी बसवली तो दिवस मैथिलीला आठवला. लग्नाला जेमतेम वर्ष, केसांत सुरंगीचा वळेसर, पायाच्या बोटांत अजून विरोदे नवे. दोन महिने निनादच्या खोलीत रोज ती मुलगी जात होती. हसरी, निवांत, कशाचीही भीती नसलेली.

"नको," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात ये. तेव्हा बदल."

नाझिया तिच्याकडे थोडं जास्त वेळ बघत राहिली. "ताई, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"बरी आहे की."

ती गेल्यावर मैथिली बाजेवर बसली. तिला एकदम हसू आलं आणि रडू आलं. त्याला काहीच कळलेलं नव्हतं! चित्रं, विळी, मोजलेले श्वास, काहीच. म्हणजे अजून सगळं तिच्या हातात होतं. पट्टी तशीच ठेवली तर तो त्या हसऱ्या मुलीचा नवरा राहील. किती वर्षं? कदाचित कायमचा. आणि ती मुलगी खोटी तरी कुठे होती? ती मीच होते.

दिवेलागणीला तिने शेगडी पेटवली. काकी नव्हती, ठमी झोपली होती. मूठभर ओवा निखाऱ्यांवर टाकला, कानामागचा फाया चिमट्यात धरला आणि धुरात फिरवला. पुढून, मागून, पापड भाजावा तसा. मग डबीत टाकला. आयुष्यात पहिल्यांदा ती नवऱ्याशी ठरवून खोटं बोलली आणि त्यासाठी तिला तोंडही उघडावं लागलं नाही.

पाच मिनिटांनी त्याचं उत्तर आलं. तिने झाकण उघडलं. मीठ, लोखंड, आणि पावसात भिजून न वाळलेल्या कपड्यासारखं दुःख. कालच्यापेक्षा गडद.

तिने डबी पुन्हा नाकाशी नेली.

त्याला माझं काही ठाऊक नाही. मग हे दुःख माझ्यामुळे नाही. मग कशाचं?

दोन महिने हा वास ती घेत होती आणि एकदाही तिने त्याला विचारलं नव्हतं की तुला काय झालंय. वास आला, अर्थ तिने लावला, विषय संपला. डबी 'दुःख' एवढंच सांगत होती. 'का' सांगायला तिच्यात नळीच नव्हती. आणि तो तिकडे उंचावर, दोराला लटकून, एकटा.

सकाळी तिने कंट्रोल रूमचा नंबर लावला. तो फक्त अपघात आणि मृत्यूसाठी होता.

"कोण? परुळेकराची बायल?" पलीकडे गावडे नावाचे म्हातारे ऑपरेटर होते. "तो वर आसा, पात्यार टांगलेलो. कोण मेला काय?"

"नाही."

"मगे? काय सांगूचा त्येका?"

"मला विचारायचंय," मैथिली म्हणाली. "सांगायचंपण आहे."

पलीकडे वाऱ्याचा आवाज आला. "थांब गे बाय. उतरयतंय त्येका. आणि मी भायर जातंय, वारो मोजूक."

वीस मिनिटांनी निनादचा आवाज आला, धापा टाकत. "ठमीला काय झालं?"

"ठमी छान आहे. तुला काय झालंय?"

"मला? मला कुठे काय..."

"निनाद. तू उदास आहेस. दोन महिने. का?"

 मग त्याचा घसा खाकरल्याचा आवाज आला, त्या जुन्या खेळातल्यासारखा कोरडा.

"तुझा वास," तो म्हणाला. "मी घरी असताना तू इतकी शांत कधीच नव्हतीस. ठमी झाली, मी नाही, आणि रोज शेवाळी. रोज! एक दिवस तरी माझी आठवण येऊन केशरी होईल म्हणून बघायचो. मग वाटलं, हिला मी नसलेलाच बरा. येऊन कशाला बिघडवू तुझं?"

"गाढवा," मैथिली म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "अरे, ती मी नव्हते. तो ओवा होता."

तिने धुरीचं सांगितलं. ते सोपं होतं. मग दुसरं सांगायचं होतं. तिला वाटलं, हे डबीनेच केलं असतं तर किती बरं. तिने भिंतीला पाठ टेकली.

"निनाद, मला ठमीला न्हाऊ घालायची भीती वाटते. मला दिसतं की मी तिच्यावर उकळतं पाणी ओततेय. गच्चीवर गेले की दिसतं ती पडतेय. माझ्या हातून. मला तसं करायचं नाहीये रे, पण दिसतं. कालचा फाया मी मुद्दाम धुरात धरला. तुला कळू नये म्हणून."

ठमीचे मोजायची तसे ती आता स्वतःचे श्वास मोजू लागली. एक, दोन, तीन. प्रत्येक श्वासाला तिला वाटत होतं, संपलं.

"विळी कुठे आहे?" निनादने विचारलं.

"कपाटाखाली. मीच टाकली."

"राहू दे तिथेच. ठमी कुठे आहे?"

"काकीपाशी."

"मग काकीला सांग. आत्ता, फोन ठेवल्यावर लगेच. हे मला सांगितलंस तसंच. दुपारची बोट आहे, मी येतोय. आणि मैथिली..."

"काय?"

"दोराला लटकलो की मला रोज दिसतं की मी कडी सोडतोय. स्वतःच्या हाताने. सहा वर्षं झाली. कुणाला सांगितलं नव्हतं."

ती खाली बसली. दोघं काही बोलली नाहीत, पण ते न बोलणं डबीतलं नव्हतं.

सुलूकाकीला तिने सांगितलं तेव्हा काकी ठमीच्या टाळूवर तेल थापत होती. ऐकून तिचा हात थांबला नाही. "माका बांय दिसायची," ती परसातल्या विहिरीकडे मान वळवून म्हणाली. "थोरल्याच्या वक्ताक. म्हणान मी पाण्याक जाताना पोर शेजारणीकडे ठेवन जाय. सासू म्हणा, आळशी बायल. आज सांगतंय, पन्नास वर्सांनी." मग तिने मैथिलीला तांब्या दिला. "घाल पाणी. मी धरलंय."

संध्याकाळी निनाद आला. दुसऱ्या दिवशी तिघं सावंतवाडीला डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, अशी चित्रं पुष्कळ नव्या आयांना दिसतात आणि त्यांचा धसका घेणाऱ्या बायका बहुतेकदा जिवापाड जपणाऱ्याच असतात. यावर उपचार आहेत, लपवण्यासारखं काही नाही. चित्रं लगेच गेली नाहीत. हळूहळू विरळ झाली, पहाटेच्या धुक्यासारखी. मध्येच एखादं येई, तेव्हा मैथिली मोठ्याने म्हणे, "आलं," आणि घरात जो असेल तो "बरं" म्हणे.

नाझिया पट्टी बदलायला आली तेव्हा मैथिलीने तिला विचारलं, "अशी सारखी शेवाळी असलेली घरं अजून आहेत?"

नाझियाने दप्तरातून यादी काढली. तिने ती आधीच केली होती. तालुक्यातली अकरा घरं, अकरा बाळंतिणी, नवरे समुद्रावर, डब्या ओव्याच्या खोलीत. दोघी स्कूटरवरून निघाल्या, ठमीला निनादकडे सोपवून. शिरोड्याच्या एकीने चहा दिला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि फाटकाशी आल्यावर मैथिलीचा दंड घट्ट धरला तो सोडेना. उभादांड्याच्या दोघी म्हणाल्या, उद्या या. उद्या गेल्यावर बोलल्या. रेडीची एक खरोखरच शांत निघाली, तिने या दोघींनाच वेड्यात काढून घावणे खाऊ घातले. दहा घरं झाली.

अकरावं घर खानोलीच्या उतारावर, आंब्याच्या बागेला लागून आहे. निळं दार, अंगणात तुळस, दोरीवर लहान झबली. चार वेळा जाऊन झालं. आत कुणीतरी असतं. पावलं ऐकू येतात, बाळ कुरकुरतं, ओव्याचा वास दाराच्या फटीतून बाहेर येतो. दार वाजवलं की आतून बाईचा गोड, स्थिर आवाज येतो, "बरी आहे हो मी, नवऱ्याला माहितेय सगळं." आणि दार उघडत नाही. काल झबली दिवसभर उन्हात तशीच होती, कुणी काढली नव्हती.

तुम्ही त्या बाजूने जाणार असाल तर जरा थांबा. दार वाजवा. ती बरी आहे म्हणेल, म्हणू दे. पायरीवर बसा, पाणी मागा. आणि ती दार उघडेपर्यंत उठू नका.